जुने पंक-इंडी बँड पुन्हा ऐकायचे, तर कॅसेटवर की नव्या मिक्समध्ये?

बर्डीकर: माझं मत, माळ्यावरच्या कॅसेटीच काढा. त्या वयात डोक्यात बसलेला आवाज त्याच मिक्सचा, म्हणजे वाद्यं आणि गळा जुळवण्याच्या त्याच पद्धतीचा आहे. स्टूजेसचा ‘रॉ पॉवर’ हा अल्बम (१९७३) घ्या. गायक डेव्हिड बोवीच्या मिक्समध्ये बास-ड्रम दबलेत, पण गिटार कशी अंगावर येते! १९९७ मध्ये स्टूजेसचा गायक इग्गी पॉपने तो पुन्हा मिक्स केला आणि लेव्हल इतकी चढवली की क्लिपिंग, म्हणजे आवाज फाटलेला, ऐकू येतं. दोन गाण्यांत कान शिणतात.

धंतोली_इंडी: अजिबात पटलं नाही. रिप्लेसमेंट्स बँडचा ‘टिम’ अल्बम (१९८५) ऐका. मूळ मिक्स पातळ, ड्रम शेजारच्या खोलीत वाजल्यासारखे. २०२३ मध्ये एड स्टेसियमने नवं मिक्स केलं, तेव्हा कुठे बँड पूर्ण ताकदीने ऐकू आला. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच कॅसेटी कॉपीची कॉपी. दर कॉपीला हिस (टेपचा स्स्स आवाज) वाढतो, झांजा बोथट होतात. वर नागपूरचा मे महिना आणि पत्र्याखालचा माळा. मूळ आवाज उरला कुठे?

सदर_टेप: भाऊ, तुम्ही दोघंही रीमिक्सचीच उदाहरणं देताय, म्हणजे एकेक वाद्याचं वेगळं रेकॉर्डिंग घेऊन पुन्हा जुळवलेली. रिमास्टरमध्ये तयार स्टिरिओ टेपवर काम होतं, दबलेला बास वेगळा काढून वर आणता येत नाही. नवी आवृत्ती रीमिक्स आहे की रिमास्टर, ते आधी तपासा.

आता कॅसेट. उन्हाने बहुतेकदा प्रेशर पॅडचा, म्हणजे टेप हेडवर दाबून धरणाऱ्या फेल्टच्या तुकड्याचा, गोंद सुटतो. टेपच्या मागच्या पत्र्याच्या स्प्रिंगवर तो तुकडा नसेल तर आवाज येतो-जातो. पाच स्क्रूंची कॅसेट असेल तर उघडून दुसऱ्या कॅसेटची स्प्रिंग बसवा. चिकटवलेली असेल तर शिवणीवर ब्लेड फिरवा आणि दोन्ही रिळं स्क्रूवाल्या खोक्यात हलवा. दोन्हीकडचे प्लास्टिकचे पातळ कागद बसवायचे राहिले तर टेप घासून अडकते. टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर डेकमध्ये (कॅसेट प्लेअरमध्ये) घालूच नका, पुढच्या कॅसेटींनाही लागते.

बर्डीकर: आणि अझिमथ, म्हणजे टेप वाचणाऱ्या हेडचा कोन! कॅसेट ज्या डेकवर भरली त्याच्या हेडचा कोन आपल्या डेकशी क्वचितच जुळतो. मोनो करून (डावा-उजवा आवाज एकत्र करून), हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू केसभर फिरवत जायचं. झांजा सगळ्यात लखलखीत येतील तिथे थांबायचं. निम्म्या ‘खराब’ कॅसेटी इथेच सुधारतात.

धंतोली_इंडी: मान्य, पण मग लोक डिजिटल करताना नॉइज रिडक्शन (हिस पुसणारं सॉफ्टवेअर) मारतात आणि सगळं घालवतात.

सदर_टेप: ते मारूच नये. हिस आणि झांजा एकाच फ्रिक्वेन्सी पट्ट्यात असतात, हिस काढला की झांजा पाण्याखालून आल्यासारख्या बुडबुडतात. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, आवाजाचं शिखर उणे ६ डेसिबलच्या खाली, एवढ्या सेटिंगवर रेकॉर्ड करा, बस. कॅसेट डॉल्बी बी (हिस कमी करणारी डेकमधली सोय) लावून भरली असेल तरच डॉल्बी लावा, नाहीतर आवाज बोथट होतो. आणि अझिमथ त्याआधी.

धंतोली_इंडी: स्थानिक बँडच्या डेमो कॅसेटींवर एवढी मेहनत जरूर घ्या, त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही. ‘टिम’साठी मात्र मी २०२३ चंच मिक्स लावणार.

बर्डीकर: लावा. ‘रॉ पॉवर’ मात्र बोवीचाच.