मदत हवी आहे: दर दोन तासांनी कूस बदलूनही आजींचं माकडहाड लाल पडलंय

नमस्कार. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. जनरल ड्युटी असिस्टंटचा, म्हणजे रुग्णाची देखभाल करण्याचा, कोर्स करून दीड वर्ष झालं. गेले चार महिने फोंड्याजवळ एका घरी सकाळी ८ ते रात्री ८ आजींची देखभाल करते. आजी ७८ वर्षांच्या, अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली. बोलणं तुटक, पण समजतं सगळं.

परवा अंग पुसताना माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. बोटाने दाबून सोडला तरी पांढरा पडला नाही, लालच राहिला. ही बेडसोरची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी, एवढं कोर्समध्ये शिकले आहे. कातडी फाटलेली नाही, पाणीही नाही.

मी दर दोन तासांनी कूस बदलते. वहीत वेळ लिहून ठेवते, एकही खाडा नाही. तरी असं झालं. त्यांचा मुलगा म्हणाला, "तुम्ही दिवसभर करता काय?" तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. आजी माझा हात धरून झोपतात, त्यांना माझ्यामुळे जखम व्हावी हे मला सहन होणार नाही.

माझा दिवस सांगते, चूक कुठे होते ते दाखवा. सकाळी तोंड धुणं, अंग पुसणं, डायपर. अकरा वाजता पलंगाची पाठ उभी करून पेज आणि मऊ भाजी भरवते. मग त्यांना टीव्हीवर भजनं ऐकायची असतात, म्हणून तसंच बसवून ठेवते, कधी दीड तास. त्या हळूहळू खाली घसरतात. मी काखेत हात घालून वर ओढून घेते. दुपारी पुन्हा तसंच.

शेजारच्या काकी म्हणतात खोबरेल लावून चोळ. सूनबाई रबराची गोल रिंग आणायचं म्हणतात. काय करू?

प्रतिसाद १

ताई, २६ वर्षं इस्पितळाच्या वॉर्डात काढली आहेत, म्हणून स्पष्ट लिहिते. वही बरोबर आहे, पण घोटाळा त्या भजनांच्या दीड तासात आहे.

पाठ उंच असली की माणूस घसरतो. कातडी चादरीला धरून राहते आणि आतलं हाड खाली सरकतं. मधल्या बारीक रक्तवाहिन्या पिळवटल्या जातात. वर तुम्ही एकटीने ओढता, तेव्हा कातडी पुन्हा खरवडते. म्हणजे कूस वेळेवर बदलूनही त्याच जागेला दिवसातून चारपाच वेळा मार बसतो.

भरवताना पाठ उंचच हवी, नाहीतर घास श्वासनलिकेत जाईल. त्यानंतरही अर्धा तास तसंच ठेवा. मग पाठ ३० अंशांपर्यंत खाली आणा, भजनं तशीही ऐकू येतात. आणि पाठ उचलण्याआधी गुडघ्यांखाली उशी द्या किंवा पलंगाचा गुडघ्याकडचा भाग वर करा. घसरणं तिथेच अडतं.

काखेतून ओढणं आजपासून बंद. लकव्याच्या बाजूचा खांदा सैल असतो, ओढल्याने सांधा निसटतो. आजींच्या खांद्यापासून मांड्यांपर्यंत एक आडवी चादर अंथरून ठेवा. दोघींनी दोन बाजूंनी कडा गुंडाळून घट्ट धरा, "एक, दोन, तीन" म्हणून उचला आणि वर सरकवा. सूनबाईंना हाक मारायला लाजू नका.

कुशीवर पूर्ण ९० अंशांत झोपवू नका, सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी देऊन ३० अंश कलवलं की पुरे. पोटऱ्यांखाली उशी अशी ठेवा की टाचा अधांतरी राहतील.

चोळायचं अजिबात नाही. आतलं मांस आधीच दुखावलेलं असतं. रिंगही नको, तिच्या कडेने रक्त अडतं. आजी सावळ्या असतील तर नुसत्या रंगावर विसंबू नका. आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागतं का, हाताने बघा. डाग आहे हे डॉक्टरांना आजच कळवा. फोड आला, काळं पडलं, वास आला किंवा ताप चढला तर एक दिवसही थांबू नका.

प्रतिसाद २

वरच्या ताईंचं सगळं पटलं. एकच विचारतो: रात्री ८ ते सकाळी ८ कूस कोण बदलतं? आमच्या वडिलांच्या वेळी दिवसा बाई होती आणि रात्री आम्ही सगळे गाढ झोपायचो. जखम त्याच बारा तासांत झाली. पावसाळ्यात डायपर ओला राहिला तर कातडी आणखी लवकर मऊ पडते. आणि डाळ, अंडं, मासळी यांतलं पोटात किती जातं तेही बघा.

मूळ लेखिका

वाचून रडूच आलं. रात्री कोणीच कूस बदलत नव्हतं. मी कधी विचारलंच नाही, कारण ते माझं काम नाही असं वाटायचं. त्याच संध्याकाळी वही घेऊन मुलापुढे बसले आणि रात्रीचे बारा तास कोरे आहेत ते दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण फोनवर अकरा, एक, तीन आणि पाचचा गजर लावला. डॉक्टरांनी बघितलं, हवेची गादी सुचवली, ती आली आहे.

आज आठवा दिवस. डाग फिकट झाला आहे आणि दाबला की पांढरा पडतो. आडवी चादर आता सूनबाई आणि मी मिळून उचलतो. पहिल्या दिवशी "तीन" म्हणताच आजी स्वतः डाव्या पायाने गादीला रेटा देऊ लागल्या. तो रेटा देऊ द्यावा की थांबवावं? टाच घासते म्हणून विचारते.

प्रतिसाद १

देऊ द्या, ताकद टिकते. फक्त पाय सपाट टेकवून गुडघा वाकवायला शिकवा, आणि त्या पायात पायमोजा घाला.