‘सीएसआर’ला मराठीत काय लिहू: दायित्व, उत्तरदायित्व की जबाबदारी?

चाकणच्या एका कारखान्याचा वार्षिक अहवाल मराठीत करतेय. ‘निगमित शासन’ (कॉर्पोरेट गव्हर्नन्स) आणि ‘निगमित सामाजिक दायित्व’ (कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजेच सीएसआर) हे शब्द हिंदी मसुद्यातून आयते आलेत आणि दोन्ही खटकतात. ‘शासन’ म्हटलं की पुण्यातल्या कामगाराला मंत्रालय आठवणार. काय लिहावं?

प्रतिसाद:
ताई, ‘शासन’ऐवजी ‘कारभार’ लिहा. चोख, भोंगळ, एकहाती, सगळ्या छटा त्यात तयार आहेत. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला, त्यानंतर बारभाईंनी मिळून राज्य सांभाळलं. पुढे ‘बारभाईंचा कारभार’ म्हणजे मालक अनेक, जबाबदार कुणीच नाही, असा अर्थ रूढ झाला. संचालक मंडळाबद्दल भीती असते ती हीच. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत किमान एकतृतीयांश संचालक स्वतंत्र, म्हणजे कंपनीत हितसंबंध नसलेले हवेत, असं २०१३ चा कंपनी कायदा सांगतो.

प्रतिसाद:
‘कारभार’ला माझंही मत. ‘दायित्व’ मात्र घाईने टाकू नका. ‘जबाबदारी’त जबाब आहे, ‘उत्तरदायित्वा’त उत्तर, कुणीतरी विचारणार हे दोन्हींत धरलेलं आहे. ‘दायित्व’ म्हणजे नुसतं देणं.

आता त्याच कायद्याचं सीएसआरबद्दलचं कलम १३५ बघा. नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा करून उरतं ते) ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी आधीच्या वर्षी गाठलं, तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामांवर खर्चायचे. सुरुवातीला पैसे खर्च झाले नाहीत, तर अहवालात कारण द्यायचं होतं, म्हणजे जबाबच. २०२१ पासून उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात किंवा ठरवून दिलेल्या निधीत भरावी लागते. तेव्हापासून त्या रकमेपुरतं ‘दायित्व’ बरोबर आहे. धोरणाच्या पानावर ‘सामाजिक जबाबदारी’च हवी.

मूळ प्रश्नकर्ती:
पटलं. आमच्या भागातल्या शाळेत नवे बाक आले की ‘सीएसआर आला’ म्हणतात. शब्दातली जबाबदारी गळून पैसाच उरलाय, याचं वाईट वाटतं. ‘सामाजिक जबाबदारी’ आणि ‘कंपनीचा कारभार’ पक्के करते. ‘व्हिसलब्लोअर’, म्हणजे कंपनीतला गैरप्रकार उघड करणारा, अजून अडलाय.

प्रतिसाद:
‘जागल्या’. रात्री गाव राखणारा. कंपनी कायद्याच्या कलम १७७ मध्ये गैरप्रकार कळवण्याच्या व्यवस्थेला ‘व्हिजिल’ (पहारा) असा शब्द आहे, म्हणजे आपली जागलच.