‘ऐकणे’ आणि ‘ऐकून घेणे’

आम्ही काही शिक्षक आठवड्यातून एकदा वर्गात घडलेलं लिहून काढतो आणि एकमेकांना वाचून दाखवतो. मागच्या खेपेला माझ्या वहीत एक वाक्य होतं, ‘मी त्याचं ऐकलं.’ एका बाईंनी तिथेच थांबवलं. “ऐकलंत की ऐकून घेतलंत?” त्या एका ‘घेणे’वर आमचा अर्धा तास गेला, म्हणून हा विषय इथे मांडते.

घडलं ते असं. चौथीतल्या एका मुलाने सलग तीन दिवस गृहपाठ केला नव्हता. टेबलापाशी बोलावून कारण विचारलं. तो “बाई, ते फळ्यावर...” म्हणेपर्यंत माझा पुढचा प्रश्न तयार असायचा. तीनदा असंच झालं. मग त्याने बोलणंच सोडलं आणि सदऱ्याचं खालचं बटण काढत-घालत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या बाकावर शेजारी जाऊन बसले, वही मागितली नाही. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “माझं लिहून व्हायच्या आत तुम्ही पुसता.” गृहपाठ काय दिलाय हेच त्याच्या वहीत अर्धवट होतं! तीन दिवसांचा जाब मी त्याला विचारत होते आणि फळा पुसणारी मीच होते.

पहिल्या दिवशी ऐकलं, दुसऱ्या दिवशी ऐकून घेतलं, असं आता वाटतं. ‘घेणे’ जोडलं की क्रिया करणाऱ्याकडे वळते. ‘लिहून दे’ आणि ‘लिहून घे’ शेजारी ठेवून पाहा. समजणं आपोआप घडतं, समजून घ्यायला मात्र आपल्याला जागचं हलावं लागतं. ‘वर्ग सांभाळणे’ म्हणजे बहुधा गोंगाट होऊ न देणं. पण मुलाला ‘सांभाळून घेणे’ म्हटलं की त्याची चूक, त्याचा संथपणा, सगळं धरूनच घेणं आलं.

एक अडचण आहे. “मी का म्हणून ऐकून घेऊ?” यातलं ऐकून घेणं म्हणजे निमूट सोसणं. हे दोन अर्थ वेगळे मानायचे की एकाच शब्दाच्या दोन बाजू?

उत्तर

एकच मानावेत. दोन्हीकडे आपलं बोलणं आवरून धरावं लागतं. मात्र ‘घेणे’ला सरसकट मायाळू ठरवू नका. झाडाझडती घेणे, फैलावर घेणे हेही त्याच घरातले. ‘हजेरी घेणे’ तर आपलं रोजचं काम. मूळ शब्द अरबी, हजर असण्याशी जोडलेला, पण मराठीने त्याला ‘खरडपट्टी काढणे’ हाही अर्थ दिला. आजारपणानंतर आलेल्या मुलीला आपण दारातच “इतके दिवस कुठे होतीस?” विचारतो, तेव्हा तिच्या कानाला कोणती हजेरी ऐकू येत असेल? माझ्या वर्गात चार दिवसांनी आलेली एक मुलगी दाराशीच घुटमळली. मी तोंड उघडायच्या आत तिच्या मैत्रिणीने बाकावरचं दप्तर उचललं आणि म्हणाली, “ये, तुझी जागा धरून ठेवलीये.” ‘जागा धरणे’ हा शब्दही या चर्चेत घ्या.

आणखी एक उत्तर

मला ‘लावणे’ आणि ‘लागणे’ महत्त्वाचे वाटतात. शिस्त लावतो शिक्षक, लागते मुलाला. गोडी, सवय, लळा यांचंही तसंच. आपण लावली म्हणजे लागलीच असं नाही, हे मराठीने दोन क्रियापदं ठेवून आधीच सांगून ठेवलंय. गणित शिकवता शिकवता तत्त्वज्ञानाकडे वळलेल्या अमेरिकेतल्या नेल नॉडिंग्ज यांनी १९८४ साली हाच मुद्दा काळजीबद्दल मांडला. घेतलेली काळजी समोरच्यापर्यंत पोहोचली नाही, तर ते नातं अपुरंच राहतं. काळजी वाटणं आणि काळजी घेणं यांतला फरकही त्यांना मोलाचा वाटे. मुलांची काळजी वाटते असं प्रत्येक शिक्षक मनापासून सांगेल. घेतली का, ते मूल सांगेल. (जाता जाता : शिस्त म्हणजे पूर्वी नेम. ‘शिस्त धरणे’ म्हणजे बंदुकीचा नेम धरणे. आज शाळेत तो शब्द उच्चारताना मला हे दरवेळी आठवतं.)

मूळ प्रश्नकर्ती

लावणे-लागणे वाचून परत वहीकडे वळले. ‘मी त्याचं ऐकून घेतलं’ अशी दुरुस्ती करणार होते, तरी कर्ता मीच राहत होते. शेवटी ‘त्याने सांगितलं’ एवढंच लिहिलं. हल्ली फळा पुसण्याआधी “झालं का?” विचारते. परवा त्याने मान न उचलता हात वर केला, “थांबा, दोन ओळी.” थांबले.