निकाल कोर्टात लागतो, आपल्या घरात काय होतं? अनुभव लिहा

शेवंता७
मी लोकांचे फॉर्म भरून देते, उत्पन्नाचा दाखला, रेशन, आधार दुरुस्ती वगैरे. पेपरात 'सरकारला दणका' अशी बातमी येते, पण तो दणका नक्की कुणाला बसला ते माझ्या टेबलासमोर कळतं. राजकारण नको, घरात काय झालं तेवढं लिहा. सुरुवात मीच करते.

२०२४चं आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून गरीब पोरांना खाजगी शाळेत २५ टक्के जागांवर मिळणारा फुकट प्रवेश. फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलला की १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेने २५ टक्के जागा द्यायची गरज नाही. एक रिक्षावाले दादा पोरीचा फॉर्म भरायला आले तर यादीत सगळ्या पालिकेच्याच शाळा, ते म्हणे ताई इथं तर नुसतं गेलं तरी घेतात, लॉटरी कशाला? मेमध्ये हायकोर्टाने स्थगिती दिली, फॉर्म पुन्हा भरले, जूनमध्ये लॉटरी निघाली पण निकाल लावला नाही, कारण केस चालू. १९ जुलैला कोर्टाने तो बदल रद्द केला तेव्हा कुठे यादी लागली. तोवर शाळा सुरू होऊन महिना झालेला, दादांनी घाबरून जवळच्या एका शाळेत पहिला हप्ता भरलेला, युनिफॉर्मपण शिवलेला. पोरीचा नंबर लागला, दुसऱ्या शाळेत. हप्ता परत मिळाला नाही. "ताई, जिंकलो ना आपण? मग पैसे?" मी काय सांगणार.

लोकलवाला
बाबा स्टेशनबाहेर क्लिपा, कंगवे, रुमाल विकायचे. फेरीवाल्यांचा कायदा २०१४चा, त्यात आधी सर्व्हे, मग सर्टिफिकेट, तोवर उठवायचं नाही असं लिहिलंय. २०१७ला एल्फिन्स्टनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली, आणि नोव्हेंबरात हायकोर्टाने सांगितलं स्टेशनपासून १५० मीटरच्या आत धंदा नाही. पूल अरुंद होता हो, बाबा तर पुलावर बसतसुद्धा नव्हते. त्यांची जागा हद्दीच्या आत २० पावलं, रोज मोजायचे. पलीकडं बसून बघितलं पण तिथं गिऱ्हाईक थांबतच नाही, त्याला ट्रेन पकडायची असते. चादरीच्या चार कोपऱ्यांना नाडी बांधलेली, पालिकेची 'गाडी आली' असं कुणी ओरडलं की एक हिसका दिला की गाठोडं तयार. एकदा नाडी तुटली. त्या दिवशीचा माल अजून सुटलेला नाही, दंड मालापेक्षा जास्त होता.

बांधावरचा
२०१५च्या गोवंश कायद्याचं सांगतो, त्याने बैल कापायलापण बंदी आली. आमच्यात म्हातारा बैल विकून त्यात भर घालून गोऱ्हा घ्यायची रीत. त्या साली बाजारात दिवसभर उभा राहिलो, कुणी दाव्याला हात लावंना, आणला परत, टेंपोचं भाडं अंगावर. नंतरच्या साली कोर्टाने बाहेरच्या राज्यातलं मांस बाळगायला मोकळीक दिली पण इथली बंदी कायम, म्हणजे आमच्या गोठ्यात काय फरक? आईनं त्याला प्रत्येक पोळ्याला पुरणपोळी चारलीय, जीव आमचापण आहे, कुणी शिकवायला येऊ नये. पण कडबा विकत आणावा लागतो ना.

चाळकरीण
झोपडीच्या पुराव्याचा आमचा अनुभव छोटाच आहे. झोपडीच्या बदल्यात घर मिळायला तेव्हा १ जानेवारी १९९५च्या यादीत नाव लागायचं. आजीचं नाव त्या मतदार यादीत होतं, पण आडनावातला एक काना गायब. एका कान्यासाठी चार वर्षं चपला झिजवल्या.

रानवारा
जव्हारकडचा आहे. सगळंच वाईट नाही, वनहक्क कायद्याने आमच्या आजोबांना ते कसत असलेल्या जंगलातल्या जमिनीचा पट्टा, म्हणजे हक्काचा कागद मिळाला, सातबाऱ्यावर नाव बघून म्हातारा रडला होता. काकांचा दावा मात्र नामंजूर, अपील पडून. १३ फेब्रुवारी २०१९ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं ज्यांचे दावे फेटाळले त्यांना जमिनीवरून काढा. २८ला त्यालाच स्थगिती. मधले १५ दिवस काकांनी पहार हातात धरली नाही. आंब्याच्या कलमांसाठी ४० खड्डे घ्यायचे होते, २२ झाले होते. स्थगितीचं सांगितलं तर म्हणाले, आज हो उद्या नाही, कशाला? पावसाळ्यात त्या खड्ड्यांत पाणी साचलं आणि पोरं बेडूक धरत बसली. अपील अजून पेंडिंग आहे.