विषय: डिसेंबरात कोल्हापूर, सू-वीड मटण आणि अळणीचा प्रश्न

प्रेषक: न्यू जर्सी

नमस्कार मंडळी,
डिसेंबरात राजारामपुरीत दोन किलो बोकडाचं मटण सू-वीड करायचं आहे, म्हणजे पिशवीत बंद करून ठरावीक तापमानाच्या पाण्यात तासन् तास शिजवायचं आहे. त्यासाठी पाणी तापवून फिरवत ठेवणारं माझं यंत्र, सर्क्युलेटर, १२० व्होल्टचं, १००० वॅटचं आहे. ट्रान्सफॉर्मर घेऊन यावं, की तिथल्या घरच्या भांड्यांवर भागेल? पिशव्या, तापमान, वेळ सविस्तर कळवा. पांढरा रस्साही त्याच मटणाचा हवा आहे.

---

प्रेषक: कोल्हापूर, ताराबाई पार्क

वहिनी,
सर्क्युलेटर तिकडेच राहू द्या. इथे २३० व्होल्ट. हजार वॅटला निदान दीड किलोवॅटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तो धोंडा दहा तास गरम होत बसेल. त्यापेक्षा एसटीसी-१००० नावाचा तापमान कंट्रोलर घ्या. अंडी उबवायच्या पेटीला लावतात तोच, तसं सांगितलं की दुकानदाराला कळतं. २२० व्होल्टचाच मागा, ११० चाही येतो.

जोडणी अशी: १-२ ला वीज, ३-४ ला सेन्सर, ५-६ हा हीटरचा रिले, ७-८ थंड करण्याचा, तो मोकळा ठेवायचा. ५-६ हे नुसतं बटण आहे. त्यातून वीज आपोआप येत नाही, फेजची वायर त्यातून फिरवून सॉकेटला न्यावी लागते. इथेच बहुतेकांचं अडतं. वायरमनकडून प्लॅस्टिकच्या बंद डब्यात, अर्थिंगसह बसवून घ्या. रिले १० अँपिअरचा आहे, हजार वॅटची शेगडी जेमतेम साडेचार अँपिअर ओढते.

एक किलोपर्यंत साधा, एका खटक्याचा राइस कुकर उत्तम. त्याचा खटका तळ शंभर अंशांच्या वर गेल्याशिवाय सुटत नाही, म्हणजे पाणी असेपर्यंत खालीच राहतो आणि कंट्रोलर वीज देईल-तोडेल तसा कुकर चालतो. डिजिटल कुकर आणि इंडक्शन इथे निरुपयोगी, एकदा वीज तुटली की पुन्हा आपणहून सुरू होत नाहीत. दोन किलोला कॉइलची शेगडी आणि बारा लिटरचं पातेलं घ्या. पाणी तापवायचा रॉड मात्र नको. स्टीलच्या पातेल्यात तो उतरवून वारंवार पिशव्या हलवायच्या म्हणजे शॉकला आमंत्रण.

सेटिंग: एफ१ ला हवं ते तापमान, एफ२ ला ०.५, म्हणजे पाणी अर्धा अंश उतरलं की शेगडी पुन्हा सुरू. एफ४ ने सेन्सरची चूक सुधारते. बर्फाच्या गाळात सेन्सर धरला की शून्य दिसलं पाहिजे. उकळत्या पाण्यात १०० ची वाट बघू नका. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथे पाणी ९८ लाच उकळतं. बरेच जण इथे १०० धरून दोन अंशांची चूक स्वतःच घालून ठेवतात.

पहिल्या तापण्यात शेगडीची शिल्लक धग पाणी तीन-चार अंश वर नेते. म्हणून पाणी भरपूर घ्या, पण पिशव्यांपुरती जागा ठेवून, ते स्थिर होऊ द्या, मगच पिशव्या सोडा. तळाचं आणि वरचं पाणी सारखं राहावं म्हणून फिश टँकच्या एअर पंपाची नळी तळाशी सोडा. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवायचा, नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटं पंपात शिरतं. वर झाकण, भोवती जुनी गोधडी. शेगडीच्या कॉइलपासून मात्र ती चार बोटं लांबच.

---

प्रेषक: डॅलस

काकांच्या पत्राला थोडी पुरवणी, वहिनी.

निर्वात पिशवीचा फार बाऊ नको. हवा काढायची ती पिशवी तरंगू नये आणि पाण्याची धग मांसाला थेट भिडावी म्हणून. झिपची पिशवी एक कोपरा उघडा ठेवून पाण्यात हळूहळू बुडवली की पाणीच हवा बाहेर ढकलतं. पण ७० च्या वर कित्येक तास ठेवलं की तिची शिवण उकलते, म्हणून मटणाला सीलिंग मशीनच्या जाड पिशव्याच घ्या. बाजारातली कॅरीबॅग अजिबात नको. हाड असलेला तुकडा पिशवी भोकतो, तेव्हा मांडीचं बिनहाडाचं, चार सेंटिमीटरचे तुकडे, पिशवीत एकाच थरात.

७५ अंशांना दहा तास. बोकडाच्या मांसातलं कोलॅजेन, म्हणजे त्याला चिवट करणारं प्रथिन, सत्तरीच्या पुढे बऱ्या वेगाने विरघळतं, साठ अंशांना त्यालाच दीड-दोन दिवस लागतील.

आता आलं आणि कच्ची पपई. या दोन्हींतली प्रथिनं तोडणारी एन्झाइम साठीच्या आसपास जोरात काम करतात. गॅसवर पाणी तो टप्पा भराभर ओलांडतं. पण ६० अंशांच्या पाण्यात चार तास ठेवलं तर मटणाचा पिठूळ लगदा होतो. ७५ ला आलं लवकर मरतं, तरी पपई वगळाच. कच्चा लसूणही पिशवीत नको, चव उग्र राहते आणि हवा नसलेल्या पिशवीत बोट्युलिझमचा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचा धोका असतो. मीठ मांसाच्या एक टक्का, किलोला दहा ग्रॅम. जास्त झालं तर दहा तासांत मांस खारवल्यासारखं घट्ट होतं.

५४ अंशांच्या खाली अन्न चार तासांहून जास्त राहता कामा नये. वीज गेली तर सेन्सर बघत राहा. लगेच खाणार नसाल तर पिशवी न उघडता अर्धं बर्फ, अर्धं पाणी अशा बादलीत तासभर बुडवा, मग फ्रिजमध्ये.

---

प्रेषक: न्यू जर्सी

काका, ताई, मनापासून आभार. पण पांढऱ्या रश्शाचं काय? त्याला लागणारं अळणी, म्हणजे मटण-हाडं शिजवलेलं पाणी, पिशवीत कुठून येणार?

---

प्रेषक: कोल्हापूर, ताराबाई पार्क

वहिनी, येणारच नाही. सू-वीड हे सुक्क्यासाठी आहे. रश्शाचा जीव हाडांत असतो, आणि हाडं तर आपण बाहेर ठेवली. म्हणून खाटकाकडून मांस सोडवून घेताना हाडं आणि नळ्या वेगळ्या बांधून मागा. त्या हळद, मीठ, आलं-लसणासह प्रेशर कुकरला मंद आचेवर पाऊण तास. अळणी तिथे तयार होतं, त्यातलंच निम्मं तांबड्याला.

पिशवीत मटणाचा रस सुटतो, तो टाकू नका. तो वेगळा उकळा, करडा साका वर येईल. तलम फडक्याने गाळून अळणीत मिसळा. न उकळता घातला तर तोच साका पांढऱ्या रश्शात फुटल्यासारखा दिसतो आणि लोक नारळाच्या दुधाला दोष देतात. नारळाचं दूध, तीळ-खसखस-काजूचं वाटण शेवटी, त्यानंतर उकळी नको.

आणि चटणी पिशवीत घालू नका. आपली कांदा-लसूण चटणी तेलात तळली जायला हवी. ७५ अंशांत मसाला कच्चाच लागतो, कांदा तर ८५ च्या खाली मऊही पडत नाही. कांदा-खोबऱ्याचं वाटण लोखंडी कढईत तेल सुटेपर्यंत परता, चटणी घाला, मग पिशवीतले तुकडे फडक्याने कोरडे करून आत सोडा. मोठ्या आचेवर तीन मिनिटं, कमीत कमी हलवायचं. मांस इतकं मऊ असतं की झारा जोरात फिरवला की धागे सुटतात.