मोटू-पतलूचे तेच ते भाग किती दिवस दाखवणार?

आभाची_आई
माझी सहा वर्षांची लेक रोज संध्याकाळी मोटू-पतलू लावते. भाग सुरू व्हायचा अवकाश, पुढचे संवाद ही आधीच म्हणून मोकळी. परवा वैतागून म्हटलं, अगं हा कालच झाला ना? तर म्हणे, "म्हणून तर आवडतो." नवरा म्हणतो, कार्टूनला ना नट लागतात ना सेट, मग नवे भाग काढायला यांना काय धाड भरलीय? इथे कुणी या धंद्यातलं आहे का?

रिगवाला
मी आहे, ताई. बारा वर्षं टीव्हीसाठी अ‍ॅनिमेशन केलं. मोटू-पतलूचं नव्हे, दुसऱ्याच मालिकेचं. नाव सांगत नाही, दोन महिन्यांचा पगार अजून अडकलाय तिथे.

मिस्टरांना हिशेब सांगा. 11 मिनिटांचा भाग म्हणजे 660 सेकंद. सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, धरली तर साडेसोळा हजार फ्रेम. आमच्याकडे अ‍ॅनिमेटरला दिवसाला 12 सेकंदांचं टार्गेट होतं. एकट्याला दिला तर भागाला 55 दिवस, तेही रिटेक नाही आला तर. (येतोच.) स्टोरीबोर्ड (आधी कागदावर काढलेले प्रसंग), आवाज, लायटिंग, रेंडर (संगणकाने पक्की चित्रं काढणं) वेगळंच. आणि हे सगळे पगार पहिली जाहिरात दिसायच्या आधी द्यायचे.

बचत होते ती जुन्या मालावर. पात्राला एकदा हाडं-सांधे बसवले, म्हणजे रिग केलं, की ते कायमचं. मोटू-पतलूच्या फुरफुरी नगरचा समोसा एकदाच बनवायचा, मग हजारदा खायचा. म्हणून लेखकाला आधीच तंबी असते: नवी जागा नको, नवं पात्र फार तर एक, आणि पाणी तर नकोच. आमच्या एका लेखकाने हौसेने गावात पूर आणला. ओले कपडे, होड्या, वाहून जाणारी भांडी. सुपरवायझरने वाचलं, पेनने 'पूर' खोडून 'धुकं' लिहिलं. धुक्यात मागची घरंही दिसत नाहीत, तेवढीच आणखी बचत. भाग तसाच गेला. धुक्यात होडी कशाला, असं एकाही पोराने विचारलं नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. मुलांच्या चॅनेलवर जाहिरातीला मोठ्यांच्या मालिकांइतका दर मिळत नाही. एकदा दाखवून भागाचा खर्च निघत नाही, तो पुन्हा पुन्हा दाखवूनच वसूल करायचा. त्यात प्रेक्षक दर चार-पाच वर्षांनी आपोआप नवा येतो. मालिका 2012 मध्ये सुरू झाली तेव्हा आभा जन्मलीही नव्हती. तिला सगळंच ताजं.

पेटाऱ्यातला_हीमॅन
खेळण्यांचं विसरलात राव! 1983 चा हीमॅन हे अमेरिकन कार्टून म्हणजे मॅटेल या खेळणी कंपनीच्या बाहुल्या खपवायचाच कार्यक्रम होता. पहिल्या हंगामातच 65 भाग. का, तर आठवड्याला पाच दाखवले की बरोबर 13 आठवडे भरतात. उलट 'यंग जस्टिस' ही सुपरहिरोंची कार्टून मालिका बघा. चाहते होते, पण खेळणी खपेनात, तो पैसा आटला आणि 2013 मध्ये गाडी थांबली. नवे भाग यायला 2019 उजाडलं.

रिगवाला
+१. फक्त पात्राचे हक्क कुणाकडे, ते आधी बघायचं. चॅनेलने पूर्ण पैसे देऊन मालिका करून घेतली तर दप्तर-डब्यांची कमाई बहुतेक चॅनेलची, स्टुडिओ नुसता मजूर. छोटा भीम हैदराबादच्या ग्रीन गोल्ड स्टुडिओचा स्वतःचा, म्हणून त्यांनी भीमच्या वस्तूंची दुकानंसुद्धा काढली. आम्ही मजूरच होतो.

आभाची_आई
अच्छा, म्हणजे दप्तर घेऊन आम्हीही हातभार लावलाच की! मोटूचंच आहे, तुळशीबागेतून घेतलं, अडीचशेला.

रिगवाला
अडीचशेला? ताई, त्यावरच्या मोटूच्या कुर्त्याचा रंग कोणता आहे, बघा बरं.

आभाची_आई
हिरवा. 🙈