पर्यावरणीय न्याय, पर्यावरणन्याय की समन्याय?

परभणीहून
मी पंचायत समितीत नोकरी करते. नोकरी सांभाळून ‘एन्व्हायर्नमेंटल जस्टिस’ या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करायचं मनात आहे. तो चळवळीतले कार्यकर्ते आणि ‘पब्लिक सेक्टर’मधले कर्मचारी यांच्यासाठीच आखलेला आहे. अध्ययन रजेचा अर्ज मराठीत द्यायचाय. विषय ‘पर्यावरणीय न्याय’ लिहिला तर आमचे साहेब म्हणाले, “म्हणजे वृक्षलागवड का?” दुसरा शब्द आहे का? आणि पब्लिक सेक्टरला ‘सार्वजनिक क्षेत्र’ लिहिलेलं चालेल?

लातूरहून
साहेबांना हसू नका. ‘पर्यावरणीय न्याय’ ऐकलं की झाडाला, नदीला न्याय असंच कुणालाही वाटतं. पण व्याकरणात खोट नाही. ‘सामाजिक न्याय’ची घडण अशीच आहे आणि तिथे समाजाला न्याय द्यायचा का, असं कुणी विचारत नाही. कारण त्या शब्दामागे 1927चं महाडचं चवदार तळं आहे, ‘एक गाव एक पाणवठा’ आहे. खरं तर पाणी कुणी प्यायचं हा प्रश्न आपल्याकडे तेव्हाच विचारला गेला होता, फक्त त्याला पर्यावरणाचं नाव नव्हतं.

इंग्रजी शब्द रुळला तो अमेरिकेत. 1982 साली नॉर्थ कॅरोलिनातल्या वॉरन काउंटीत, बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीच्या भागात, पीसीबी या विषारी रसायनाने दूषित झालेली माती आणून पुरायचं ठरलं. लोक रस्त्यावर आडवे झाले, पाचशेवर अटका झाल्या. 1987 साली तिथल्या एका चर्चच्या आयोगाने देशभरची माहिती ताडून पाहिली, तर घातक कचऱ्याची केंद्रं कुठे आहेत हे सांगणारा सगळ्यात ठळक घटक उत्पन्न नव्हे, वंश निघाला. म्हणून हा न्याय माणसामाणसांतला. धूर, कचरा, टंचाई कुणाच्या वाट्याला आणि ते ठरवणार कोण, एवढा त्याचा अर्थ. मी ‘पर्यावरणीय न्याय’च ठेवीन आणि अर्ज करताना अर्थाची एक ओळ खाली जोडीन. ‘पर्यावरणन्याय’ हा जोडशब्द छापायला सुटसुटीत, पण गैरसमज तोच राहतो.

छत्रपती संभाजीनगरहून
तयार शब्द असताना काहून शोधायलात? ‘समन्याय’! 2005च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याला इकडचे पेपर सरळ ‘समन्यायी पाणीवाटप कायदा’ म्हणतात. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडायची वेळ आली की हा शब्द पैठणच्या हॉटेलात चहा पिणाऱ्याच्याही तोंडी असतो.

लातूरहून
शब्द गोड आहे, पण तोकडा. समन्यायात फक्त वाटप येतं. या विषयात तीन गोष्टी शिकवतात. वाटा किती, हा एक भाग. दुसरा भाग प्रक्रियेचा: निर्णयाच्या बैठकीत कोण होतं? 2006च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासण्याच्या) अधिसूचनेत जनसुनावणी आहे, तीस दिवस आधी नोटीस आहे, पण गणपूर्तीची अट नाही. चार माणसं आली तरी सुनावणी झाली. स्थानिक भाषेत मिळतो तो फक्त सारांश, अहवालाचं मूळ बाड इंग्रजीत. अशा अभ्यासक्रमाचा खरा उपयोग इथे होतो, असं माझं मत. त्यातले आकडे वाचून उभं राहून प्रश्न विचारता आला पाहिजे.

तिसरी गोष्ट म्हणजे कुणाला माणूस म्हणून मोजलं जातं; तिला इंग्रजीत ‘रेकग्निशन’ म्हणतात. याला मराठी शब्द मलाही नीट सापडलेला नाही. ‘मान्यता’ म्हटलं की कॉलेजची मान्यता आठवते.

बीडहून
‘दखल’ म्हणा. आमच्याकडे सगळी बोंब तिथंच आहे. गायरान कसणाऱ्या माणसाला कागदावर ‘अतिक्रमणधारक’ म्हणतात. पिढी गेली कसण्यात, पण शब्द लागला तो गुन्हेगाराचा. त्याच्या शेजारी कारखान्याची मळी सोडली तर तक्रार करायला तो कोण? आधी त्याचीच जमीन तपासतील. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचं तर नावच नसतं, नवराबायको मिळून एक ‘कोयता’. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, ती कोयत्याला. बाईची पाळी, पाठ, तिची गर्भपिशवी काढली गेली तर ती, हे सगळं त्या एका शब्दात गडप. वाट्याची गोष्ट नंतर, आधी ती माणूस म्हणून मोजली जाऊ द्या.

छत्रपती संभाजीनगरहून
‘दखल’ पटलं. पण वाटपासाठी आमचा शब्द ठेवा. कालव्यावरचा शेतकरी ‘अन्याय’ म्हणत नाही, ‘मी टेलचा हाय’ म्हणतो, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा. पाणीपाळी सुटली की हेडवाल्याचा, म्हणजे वरच्या तोंडाकडच्याचा, ऊस भिजतो आणि टेलला चिखल पण पोचत नाही. वर्गात शिकवताना हा शब्द आला तर अर्धा विषय न समजावता समजेल.

नांदेडहून
दुसरा प्रश्न सगळे विसरले. ताई, ‘सार्वजनिक क्षेत्र’ अजिबात लिहू नका. मराठीत त्याचा अर्थ सरकारी मालकीच्या कंपन्या आणि बँका. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, आरोग्य खातं त्यात बसत नाही. ‘शासकीय व निमशासकीय कर्मचारी’ हा बरोबर शब्द. ‘लोकसेवक’ नको, तो लाचेच्या बातमीतला झालाय. ‘कार्यकर्ता’ही जपून. कुठल्या पक्षाचा, हा प्रश्न लगेच येतो, आणि वर्तणूक नियमांप्रमाणे कर्मचाऱ्याला राजकारणात भाग घेता येत नाही. ‘सामाजिक कार्यकर्ते’ लिहा. ‘चळवळ्या’ तर शिवीच आहे.

जाता जाता एक. ‘हरित लवाद’ही कुणी लिहू नका. लवाद म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून नेमलेला मध्यस्थ. 2010च्या कायद्याने आलेलं, पर्यावरणाचे खटले चालवणारं ते न्यायाधिकरण आहे, पुण्यात त्याचं पीठ आहे.

बीडहून
लवाद आता पेपरवाले सोडणार नाहीत. पण कार्यकर्ता आणि कर्मचारी एका बाकावर बसणार हे मला लई आवडलं. एरवी मोर्चात आम्ही निवेदन द्यायचं आणि ताईंनी पोच द्यायची. स्कॉटलंडमध्ये फ्रेंड्स ऑफ द अर्थ या पर्यावरणवाद्यांच्या तिथल्या संघटनेने एडिंबराच्या क्वीन मार्गारेट संस्थेबरोबर प्रदूषणाविरुद्ध लढणाऱ्या वस्त्यांतल्या लोकांसाठी असा अभ्यासक्रम चालवला होता. आपल्याकडे तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र आहे, तिथं असं काही झालं तर कळवा बरं.

परभणीहून
मग असं लिहू का: ‘पर्यावरणीय न्याय: पाणी, जमीन व प्रदूषण यांचे लाभ आणि भार समाजात कसे वाटले जातात, ते कोण ठरवते व कोणाची दखल घेतली जाते याचा पदव्युत्तर अभ्यास’?

नांदेडहून
उत्तम. फक्त अध्ययन रजेला विषयाचा तुमच्या कामाशी थेट संबंध लागतो, तोही अर्जातच दाखवा. टंचाई आराखडा, टँकरचे प्रस्ताव, घनकचरा, गायरानाच्या नोंदी, यातलं जे तुमच्या टेबलावर येतं ते नावानिशी लिहा. आणि ‘लाभ’च्या आधी ‘भार’ टाका.